बोली

वेस्ट्रे बेटावर मी टपाल वाटतो.
सहाशे माणसं, एक धक्का, एक लाल गाडी.
बोट आली नाही तर दोन-दोन दिवस
कुणाचंच काही येत नाही.

कोणी काय मागवलं, मला खोक्याच्या वजनावरून कळतं.
जेम्सिना रेंडलच्या ट्रॅक्टरचा पंप
बनवणारी कंपनीच बुडाली, त्याला वर्षं झाली.
तो सापडला बल्गेरियात, कुणाच्या कोठारात, आठ पौंडांत.
त्या दिवशी तिने मला डझनभर अंडी दिली
आणि माझ्यादेखत कॉम्प्युटरला आशीर्वाद.
धाकट्या हार्कसला बूट आले, दोन्ही डाव्या पायाचे.
तक्रार केली तर उत्तर आलं :
फोटो नीट बघायचा होता.
आणि टपालखर्च! आमचं बेट
नकाशात याच देशात, हिशेबात मात्र परदेशात;
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
तोही मसाला बोट लागेल तेव्हा.

तर, ती खुर्ची.
लीड्समधलं कुणाचं घर रिकामं करताना निघालेली.
'जुनी गावठी खुर्ची, पाठ गवताची'
एवढंच खाली लिहिलेलं.
ते गवत नव्हे, काळ्या ओटचा पेंढा;
ते लाकूड विकतचं नव्हे, समुद्राने आणून टाकलेलं,
कारण इथे झाड उभं राहत नाही.
आणि डाव्या हातावर कोरलेली तीन टिंबं...

"माझ्या आज्याची खूण," थोरा आयझबिस्टर म्हणाली,
दार अर्धं उघडून, पत्र घेता घेता.
"कुणाला सांगू नकोस, भाव वाढेल."

तीन घरं सोडून मॅन्सी ड्रेव्हर.
"माझी आई यात बसून जाळी दुरुस्त करायची.
ती गेली आणि भावाने खुर्ची दक्षिणेला नेली.
कुणाला सांगू नकोस, भाव वाढेल."

मी सांगितलं नाही.
टपालवाल्याचं तोंड पाकिटासारखं असावं,
असं मला पहिल्या दिवशी शिकवलंय.

ज्या लिलावात कुणीच बोलत नाही
तिथल्या आकड्याला बोली म्हणतात.
हातोडा नाही, गर्दी नाही, शेजाऱ्याचा खाकरा नाही,
नावांच्या जागी चांदण्या.
रविवारी रात्री मीही ते पान उघडून बसलो.
चाळीस. पंचावन्न. नव्वद.
स्वयंपाकघरातून मला खाडीपलीकडे दिसत होत्या
दोन उजळ खिडक्या,
एकीतून हाक मारली तर दुसरीत ऐकू जाईल
इतक्याच लांब.
एकशे सत्तर. दोनशे चाळीस.
फोन माझ्या हाताशी होता.
चहा गार झाला.
शेवटच्या अकरा सेकंदांत तीनशे बारा,
आणि एक खिडकी विझली.

नवव्या दिवशी बोटीवरच्या पोराने आणि मी
खुर्ची थोराच्या घरात नेली.
पेंढा अर्ध्यावर संपलेला;
खाली निळी नायलॉनची दोरी, गाठी मारून मारून.
फोटो सगळे समोरून.
पाठ दाखवली नव्हती त्यांनी.
थोराने ती तीन टिंबं अंगठ्याने चाचपली,
एक, दोन, तीन, परत एक.
मग म्हणाली,
"चाळिसात मिळाली असती.
कुणी येडा हटूनच बसला होता."
"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

मॅन्सीला त्या दिवशी फक्त विजेचं बिल होतं.
त्याने ते उघडलंही नाही.
"लीड्सच्याच कुणी पैसेवाल्याने नेली असणार.
शोभेला ठेवील.
पाठ उसवली तर त्याला शिवता येणार आहे का?
मला येते. आईने शिकवली होती."

आज वारा आहे. बोट येणार नाही.
पिशवी रिकामी,
वाटायला एक वाक्य तेवढं उरलंय,
आणि ते कुठल्या दारात आधी द्यायचं
यावर पत्ता नाही.