मधली पट्टी

लॉजच्या गच्चीवरून काढला होता गंजगोलाईचा फोटो,
दुपारी चारला, टाकीच्या कठड्यावर पोट टेकवून.
उंचावरून खाली बघायचं,
हे या खेळातलं पहिलं.

मग मधली एक पट्टी तेवढी स्वच्छ ठेवायची.
वरचं, खालचं हळूहळू विरघळू द्यायचं
चहातल्या बिस्किटासारखं.
आणि रंग चढवायचे, नवरीच्या शालूला
अल्बमात चढवते, त्याहून दोन घरं पुढे.

डोळा फसतो.
सोळा रस्त्यांची गोलाई ताटात मावते,
रिक्षा होतात लिमलेटच्या गोळ्या,
सराफाच्या दारातला बंदूकवाला
मातीचा, कालच रंगवलेला.
महालक्ष्म्यांपुढे आई मांडायची तशी आरास :
एवढासा वाणी, एवढीशी तागडी,
पाय मोडलेला पोलीस
गव्हाच्या राशीत खोचून उभा.

चंद्रमप्पा हुडगे आले होते
हयातीच्या दाखल्याचे फोटो न्यायला.
नगरपालिकेत दिवाबत्तीला होते, तीस वर्षं खांबावर.
चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावलं.
"वर-खाली धूर कामून केलीस गं?"

म्हटलं, त्यानंच तर लहान वाटतं.

"खांबावरून बी लहानच दिसायचं," म्हणाले,
"पण खेळणं नाही वाटलं कधी.
सगळंच लख्ख दिसायचं.
तारेवरचा कावळा, खालच्या बाईच्या पिशवीतला कोथमीर.
भ्याव असलं की धूर होत नाही, पोरी."

मी माऊस धरून गप्प.

मग त्यांना सापडला त्यांचा चहाचा गाडा,
आणि गाड्याशेजारी पांढरा ठिपका, टोपीचा.
"काल चारला? हा मीच की."
मी मोठं केलं. अजून मोठं.
टोपीचे चौकोन झाले, चौकोनांत राखाडी, थोडं गुलाबी.
"नको, नको. फुटलालो मी. हाय तेवढाच ऱ्हाऊ दे."

पट्टी सरकवली त्यांच्या रस्त्यावर.
देवीचा कळस धुरात गेला,
बंदूकवालाही गेला.
गाडा, किटली, टोपी मात्र टोकदार.

एक प्रिंट काढली, पोस्टकार्डाएवढी.
सहा चेहऱ्यांच्या पाकिटात त्यांनी ती सरकवली,
परत काढली, उजेडाकडे धरली,
अंगठ्यानं टोपी झाकून बघितली.

सहांचे पैसे मोजून दिले.
सातव्याचं त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.