मुकी पट्टी

आठवडाभर ही शाळा असते.
शनिवारी रात्री एनोस घडीचं लाकडी दार सरकवतो,
मागून वेदी निघते, दोन मेणबत्त्या, क्रूस,
आणि क्रूसाच्या पायाशी कुणाची तरी विसरलेली कानटोपी.
फळ्यावर सातचा पाढा अर्धा पुसलेला.
आम्ही मोठी माणसं मुलांच्या खुर्च्यांवर बसतो,
गुडघे पार हनुवटीशी.
देवापुढे लहान व्हायला इथे वेगळे कष्ट पडत नाहीत.

ग्रीनलंडच्या या कडेला पाळक वर्षातून दोनदा येतात,
समुद्र मोकळा झाला की, बोटीने.
एरवी उपासना एनोसच चालवतो.
तोच पाढे घोकून घेतो, तोच बाप्तिस्म्याचं पाणी कोमट करतो,
माझ्या मालिकच्या नावाचा पांढरा क्रूस
टेकडीवर रोवायलाही तोच आला.
त्याच्याखाली कुणी नाही.

नोव्हेंबरपासून सूर्य नाही.
ऑक्टोबरपासून मालिक नाही.
चार रविवार मी घरात बसून फ्रीजची घरघर ऐकली.

आज देवासाठी आले असं म्हणणार नाही.
घरातलं तेल संपलं होतं,
आणि शाळा रविवारी उबदार असते.

कुणी काही बोललं नाही.
'देवाची इच्छा' हे शब्द कुणी तोंडातून काढले नाहीत, उपकार झाले.
युडिथाने फक्त तिची सीलच्या कातड्याची उशी
अर्धी माझ्याकडे सरकवली,
गीतांचं पुस्तक नेमक्या पानावर उघडून दिलं,
मला सगळं पाठ आहे हे ठाऊक असून.

पेटी जुनी आहे. मधली एक पट्टी मुकी.
खारट हवेने खाल्ली की मुलांनी, यावर वाद आहे.
ती जागा आली की सगळे जरा जोर लावतात,
तेवढा स्वर गळ्याने भरून काढतात.
मालिक लहानपणी त्या एका जागेसाठी दबा धरून बसायचा,
बाकी गीतभर गप्प,
तिथे मात्र बेंबीच्या देठापासून ओरडायचा,
आणि मग माझ्याकडे बघायचा.

इथे गीत संथ गातात,
नव्या बर्फावर चालावं तसं.
एक शब्द टेकवायचा, तो धरतो का बघायचं,
मग पुढचा.
ती जागा जवळ आली तशी मी खुर्चीची कड घट्ट धरली.
खड्डा पडणार.

पडला नाही.
सर्दीने बसलेला सखारियासचा आवाज,
दुकानातल्या पोरीचा, एनोसच्या धाकट्या अवियायाचा,
युडिथाचा, दात नसलेला,
असे सात-आठ फुटके आवाज एकावर एक पडले
आणि त्यांच्या तळाशी कुणाचा तरी अजून एक.
दोन ओळी पुढे गेल्यावर मला तो ओळखू आला.
माझाच होता.

प्रवचन काय झालं, आठवत नाही.
मुलांच्या रंगाच्या पेल्यांतून कॉफी प्यालो,
माझ्या पेल्याला तळाशी निळं होतं.
उद्या हॅलिबट येणार, सुऱ्यांना धार लावायची आहे,
हेच बोललो.

दाराशी एनोस बूट चढवत म्हणाला,
पुढच्या रविवारी घरात तेल असलं तरी ये.

त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.