बोटुकली

रम्सच्या खाडीकाठी, पत्र्याच्या तिसऱ्या शेडमध्ये
रात्रपाळीला मी आणि अठ्ठावीस टाक्या.
हामूरची पिल्लं चौदा दिवसांची,
डोळे आधी, अंग मागाहून.
काचेच्या पेल्यात घेऊन दिव्यासमोर धरली
की नुसतं पाणीच बघतंय आपल्याकडे, असं वाटतं.

रोज मोजायची. शंभरात किती उरली.
पहिल्या वर्षी दोन. यंदा अकरा.
अकरा म्हणजे फार झाली. समुद्राला विचारा,
तो लाखात दोन ठेवतो
आणि हिशोब कुणाला देत नाही.

आम्हांला द्यावा लागतो.
कर्जाच्या कागदावर, पिंजऱ्याच्या कागदावर,
खात्याच्या शिक्क्याखाली:
मच्छीमार कुटुंबास बोटुकली, नग पाच हजार, अर्ध्या दरात.

बोटुकली. हा शब्द मी रत्नागिरीच्या शिबिरातून
बॅगेत घालून आणला. पिल्लू बोटाएवढं झालं
की द्यायच्या लायकीचं झालं.
अरबीतही ते बोटावरूनच म्हणतात, इसबइयात.
खलफानला हे सांगितलं तेव्हा त्यानं उजव्या हाताचं बोट वर केलं,
नांगराच्या दोरात पेर गेलेलं, आखूड.
"या मापाचे दे. स्वस्त पडतील."

खलफान बिन हुमैद.
आजा मोत्यांसाठी बुडी मारणारा,
हा गरगूर टाकणारा, तारेचा घुमटासारखा सापळा.
पूर्वी एका गरगुरात सात हामूर,
आता सात गरगुरांत एक, तोही मिसरूड न फुटलेला.
तरी पिंजरे नकोत म्हणाला.
"मासा काय कोंबडी आहे?"

हेच मी आचऱ्याहून ऐकलेलं, फोनवर, थोरल्याकडून:
"मासे खंय पाळतत? कोंबडे पाळ त्यापरास."
दोन दर्या, आणि कोंबडी एकच.

मग कालवं आली.
टोपल्या कुठे टांगायच्या, याचा नकाशा बाहेरून आला,
निळ्यावर लाल चौकोन, चार आकडे दशांशानंतर.
खलफाननं होडीतून हात पाण्यात सोडला कोपरापर्यंत,
थोडा वेळ कुणी बोललं नाही.
"इथे नाही. तिकडे, वाळूच्या जिभेपलीकडे.
तिथे पाणी रात्री कूस बदलतं."

मौझा आमची साहेब, वय एकोणतीस,
तिनं नकाशा घडी करून सीटखाली सारला.
साठ टोपल्या चौकोनात, दहा म्हाताऱ्याच्या जागी.
दहांची नोंद केली नाही.

ऑगस्टात पाणी पस्तिसावर गेलं.
पहाटे पाचला होडीत बसलं तरी बाक चटका देई.
चौकोनातल्या साठही टोपल्या
उघड्या तोंडाच्या, वास मारणाऱ्या.
दहांतल्या सहा गेल्या.
चार राहिल्या.
चार टोपल्या घट्ट मिटलेल्या कालवांच्या.
मिटलेलं तोंड बघून एवढा आनंद
मला माणसांच्या बाबतीत कधी झाला नाही.

अहवालात रकाना होता: जागा निवडीची पद्धत.
मौझानं पेन बराच वेळ तोंडात धरलं
आणि लिहिलं, हात, कोपरापर्यंत.
वरच्या कचेरीनं दोनदा परत पाठवलं.
तिनं दोनदा तेच लिहिलं.

या मार्गशीर्षात, म्हणजे इथल्या डिसेंबरात,
खलफान होडी घेऊन धक्क्याला लागला,
नातू, निळं पिंप, हवेचा पंप बॅटरीवरचा.
पिंजऱ्यांबद्दल त्यानं काही म्हटलं नाही, मीही नाही.
जाळीच्या पळीनं पिल्लं ओतत गेलो,
पाच हजार, वर पदरची वीसेक, मोजताना चुकलेली.

पिंप भरल्यावर त्यानं तेच आखूड बोट
पाण्यात बुडवलं. पिल्लं जमली,
टोचायला लागली त्याला चहूबाजूंनी.
"मापतायत," तो म्हणाला, आणि काढेचना.

मी पावती फाडली.
तारीख घालायची राहिली.