अकरा सेकंद

अमळनेरला, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत
मी सिनेमे कापतो.
पत्रा तापलेला, पंखा नुसता बघ्या.
आप्पांना घाई : यात्रेच्या आधी
पेनड्राइव्ह गावोगाव गेले पाहिजेत.

प्रसंग एकविसावा.
केळीच्या बागेत धुडकू भदाणे
मंदाकिनीचे केस मुठीत धरतो,
ओढत आणतो पाटापर्यंत
आणि ते वाक्य म्हणतो, ज्यावर शिट्ट्या पडणार
हे लिहिणाऱ्याला लिहिण्याआधीच ठाऊक होतं.
ती खालून वर बघते.
कॅमेरा वरून खाली.
पुढच्या प्रसंगात ती त्याच्यासाठी
कळण्याची भाकरी थापते, आणि लाजते.
मधे काय झालं?
मधे मी आहे.

कॅमेरा बंद करायला पोरगा विसरला होता
म्हणून माझ्याकडे ते अकरा सेकंद आहेत :
मंदाकिनी त्याच्या मनगटावर बोट आपटते.
दोनदा. आधी ठरलेलं असावं.
मूठ उघडते, लगेच,
उन्हात तडकलेल्या शेंगेसारखी.
धुडकू, जो एरवी केळीचा ट्रक हाकतो,
तिच्यासमोर गुडघ्यांवर बसतो :
‘लागनं का वं?’
‘नही. पन मुयजोडे धर, टोकले नको.
टोकले दुखस.’
तो मान हलवतो, गॅरेजातल्या शिकाऊ पोरासारखा.
ती पिन दातात धरून केस सोडते, बांधते,
बोटानं दाखवते कुठून, किती, कुठपर्यंत.
मग म्हणते, ‘चाल, धर.’

कोण कुणाच्या ताब्यात?
मी तीनदा मागे नेऊन पाहिलं.
आप्पा म्हणाले, काप.
धाक दिसला पाहिजे, धाकाची तालीम नको.
मी कापलं.

सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूत,
मधे कनात : इकडे बाप्ये, तिकडे बाया.
मी नऊ वर्षांचा, बापाच्या मांडीवर.
पडद्यावर थोबाडीत बसली
तेव्हा आमची बाजू उठून उभी राहिली.
कनातीपलीकडून काहीच आलं नाही,
एक तान्हं पोर रडलं तेवढंच.
त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत, रात्री,
एका घरातून तेच वाक्य ऐकू आलं,
उच्चारासकट. मग तो आवाज.
पुढचा प्रसंग मात्र आला नाही.
सकाळी त्या घरची बाई नळावर आली,
पदर गालावरून ओढलेला, आणि लाजली बिजली नाही.
मला वाटलं, रीळ कुठेतरी अडकलं असेल.

आता कळतं, अडकलं नव्हतं.
कुणीतरी माझ्यासारखा माणूस
अकरा सेकंद काढून बसला होता.

कोकिळेला ते मी फोनवर दाखवले.
दोनदा पाहिले तिनं. बोलली नाही,
उठून मिरच्या निवडायला गेली.

चार दिवसांनी लाइट गेली.
गच्चीवर गोधडी, खाली कुणाचं तरी जनरेटर,
आणि तिनं स्वतःचं मनगट
माझ्या तळव्यात ठेवलं.
‘घट धर.’

मी घाबरलो.
धरण्याचे सगळे नमुने माझ्याकडे होते :
बागेतला, तंबूतला, गल्लीतला,
सोळा वर्षं कापून जोडलेले.
विचारण्याचा एकच होता.
तो मी वापरला.
‘किती?’

अंधारात ती हसली.
पडद्यावर हे हसू चाललं नसतं,
फार मोठं होतं, आणि नाकातून.
‘सांगसू ना,’ म्हणाली.

मी धरलं. ती सैल झाली,
माझ्यावर टाकून दिल्यासारखी,
आणि मी, धरणारा,
अंगभर कान होऊन
तिच्या दुसऱ्या हाताच्या एका मोकळ्या बोटाकडे
लक्ष लावून राहिलो.
एवढं कुणाचं ऐकलं नव्हतं मी,
शाळेत, बापाचं, आप्पांचं.

परवा पारोळ्याला सिनेमा लागला.
एकविसाव्याला शिट्ट्या पडल्या, अगदी वेळेवर.
आप्पांनी माझ्या पाठीवर थाप दिली.
मंदाकिनी मागे उभी होती, ब्लाउजांची पिशवी घेऊन,
आपल्याच केसांकडे बघत.

आणि कोकिळेनं त्या रात्री
बोट आपटलं की नाही
ते विचारू नका.
तेवढं मी कापलंय.