शांतता काढून टाका

रायबंदरच्या फेरीधक्क्यासमोर माझं दुकान.
झेरॉक्स, रिचार्ज, पासपोर्ट फोटो,
आणि पाटीच्या तळाशी, नंतर कोंबलेलं:
एका प्लेअरमधली गाणी दुसऱ्यात भरून मिळतील.

कायतान मिनेझिस दिवाडीहून पहिल्या बोटीनं आला.
रुमालात गुंडाळलेला जुना प्लेअर,
भाच्यानं जहाजावरून आणलेला, तपकिरीच्या डबीसारखा,
आणि म्हापशाच्या शुक्रवारी घेतलेला नवा,
काडेपेटीएवढा, पाठीला चिमटा.
"ह्यातलं त्यात घाल, बाब. पोरांना शिकवायचंय.
सोल्फ कोण वाचतो आता? कानानं घेतात."

जुन्याची भाषा फक्त त्याच्या कंपनीला यायची,
आणि कंपनीनंच ती सोडून दिलेली.
नव्याला एमपीथ्री सोडून काही पचत नव्हतं.
सत्तावीस फायली.
जागा थोडी, म्हणून आवाज थोडा पातळ केला,
जे कानाला कळत नाही तेच जातं म्हणतात.
खाली एक चौकोन होता, 'शांतता काढून टाका',
त्यात टिक केली.
रिकाम्यासाठी जागा कोण अडवणार?

चहा पिऊन होईतो पट्टी हिरवी झाली.
नव्या प्लेअरवर नावांच्या जागी नुसते चौकोन उमटले,
तेव्हा फोटोच्या पाकिटावर यादी लिहून दिली:
तीन, सांजांवाची. नऊ, फेस्ताची, लांब.
चौदा, मरणाची.

चौथ्या दिवशी परत आला.
रागावलेला नव्हता. टोपी काढून काऊंटरवर ठेवली,
म्हणाला, "चौदा लाव."
लावलं. ढोलाचा दबका ठोका,
वर त्याचा कर्नेट, सावकाश, चढणीवरच्या माणसासारखा.
मला तर बरं वाटलं.
त्यानं बोट वर केलं: "इथं."
मला काही ऐकू आलं नाही.
"तेच तर. इथं काहीच नाही वाजत.
पेटी खाली टेकवत नाहीत रे, खांदा बदलतात.
चार सुटतात, चार लागतात, आम्ही गप्प.
तुझ्या डब्यातली ती चार माणसं
थेट सिमितेरीपर्यंत तशीच.
मरतील ना ती!"
आणि हसला. पुढचे दोन दात नाहीत,
तरी कर्नेट कसा धरतो, विचारायचं राहून गेलं.

टिक काढली. पुन्हा केलं.
फाईल अकरा सेकंदांनी वाढली.
एक इअरफोन त्याला, एक मला,
मधे वायर आखूड, डोकी जवळ.
ठोका थांबला.
मग चिऱ्यांवर घासलेली चप्पल,
कुणाचा तरी खोकला,
कावळा, दोनदा,
एक बाईमाणूस अगदी हळू म्हणालं, "सवकास."
कायतान मान हलवत होता. मोजत असावा,
किंवा ती बाई कोण ते आठवत असावा.
मग श्वास. मग कर्नेट.

उरलेल्या सव्वीसही पुन्हा केल्या.
जागा पुरेना म्हणून
कुठल्याशा इंग्रजी वाल्ट्झची फाईल त्यानंच उडवायला सांगितली,
"ती कोणालाच येत नव्हती."
दुसऱ्या खेपेचे पैसे मी घेत नव्हतो.
दुसऱ्या दिवशी फेरीवाल्याकडून पपई आली, अर्धी हिरवी.

परवा दिवाडीला बहिणीकडे जात होतो.
बोटीत, स्कूटरींच्या मधे,
त्याचा फ्लॉइड उभा. पंधराचा असेल.
शर्टाला तो काडेपेटीचा चिमटा, कानात वायर,
उजव्या हाताची तीन बोटं
हवेतल्या कळा दाबतायत.
पात्राच्या मध्यावर बोटं थांबली.
इंजिन धडधडत होतं, कुणी हॉर्न वाजवला,
मी उगाच मोजू लागलो.
नऊवर त्यानं खांदा जरा हलवला,
ओझं असल्यासारखा.
दहा.
अकराला बोट खाली आलं.