पहिला मुक्काम

मुलुंडहून निघाले तेव्हा मीटरवर
एक लाख बारा हजार चारशे सहा.
ही ओम्नी आधी शाळेची होती,
मागच्या काचेवर अजून
कुणीतरी नखानं अर्धवट खरवडलेलं फुलपाखरू.
सीटा काढून मी फळी टाकली,
फळीखाली स्टोव्ह, दोर, हेल्मेट, पोह्यांचा डबा.

जायचं होतं हरिहरला.
आधी अंधेरीत परवीनची स्लीपिंग बॅग घ्यायची, एवढंच.
तिथंच क्लचची वायर तुटली.

मेकॅनिक म्हणाला, उद्या दहाला.
दोन पोरांनी ढकलत ढकलत गाडी लावून दिली
गिल्बर्ट हिलच्या पायाशी.

वर पाहिलं.
उभेच्या उभे काळे खांब,
लाव्हा थंड होताना तडकत गेला तसेच,
आणि त्यांच्या अंगाला चिकटून
सातव्या मजल्यावरचे वाळत घातलेले गणवेश.
हात टेकला.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची आग,
हाताला लागली ती मात्र
आज दुपारच्या उन्हाची ऊब.

मालूताईचा फोन: कुठवर पोचलीस?
ज्वालामुखीपाशी, म्हटलं.
ती हसली. मग गप्प.
मग म्हणाली, दार आतून नीट लाव.

रात्री पायऱ्या चढून गावदेवीपर्यंत गेले,
बॅटरी न लावता,
चपला हातात.
चौफेर दिव्यांचा चिखल, मध्ये हा एक न विझलेला अंधार.
खाली माझी गाडी
काडेपेटीएवढी.

सकाळी मीटर पाहिला: चोवीस किलोमीटर.
स्टोव्ह पेटवला.
वायर अकराला आली,
तोवर मी आणखी एकदा वर जाऊन आले होते.