पाणी सोडणं

जूनमध्ये पाणीखात्याचा ट्रक आमच्या गल्लीत शिरला
तेव्हा व्हर्लीन पायरीवर बसून मटार सोलत होती.
एक पोरगा उतरला, हातात त्याच्याएवढीच लोखंडी किल्ली.
फुटपाथातलं झाकण उघडून त्याने ती दोनदा पिळली,
मग डबा हलवून फवारली एक निळी रेघ
तिच्या दारासमोर.
व्हर्लीनने मान वर केली नाही.
मटार मात्र पडत राहिले,
भांड्यात कमी, पायरीवर जास्त.

आमच्या गल्लीत घरं एकतीस. माणसं राहतात अशी अकरा.
बाकीच्यांच्या खिडक्यांना फळ्या.
एका घरात झाड उगवलंय, छप्पर फोडून बाहेर आलंय,
त्याला आम्ही भाडेकरू म्हणतो.
डेट्रॉइटने आमच्यावर कधीच पाणी सोडलं होतं.
आधी ॲक्सलचा कारखाना गेला, मागोमाग शाळा,
शाळेमागून बस, आणि त्या शेवटच्या बसने
माझा भाऊ रूफस.

व्हर्लीन आणि मी नऊ वर्षं बोललेलो नाही.
कारण विचाराल तर एक कुंपण होतं, एक कुत्रा होता,
आणि तिच्या नवऱ्याच्या मयताला मी गेलो नव्हतो.
पहिली दोन कारणं आम्ही नंतर शोधली.

तिसऱ्या रात्री तिची नातवंडं दिसली,
पेट्रोलपंपावरून पाण्याचे कॅन आणताना.
धाकटी ओडेट दर दहा पावलांवर कॅन खाली ठेवायची
आणि बोटांवर फुंकर घालायची.
मी गॅरेजात गेलो. बागेची नळी, पन्नास फूट.
जिच्यासाठी घेतली ती बाग कधी झालीच नाही.
एक टोक माझ्या नळाला,
दुसरं तिच्या न्हाणीघराच्या खिडकीतून आत ढकललं,
चोरासारखं.
आत काहीतरी पडून फुटलं.
बराच वेळ काहीच नाही.
मग कुणीतरी नळी हातभर आत ओढून घेतली.

ज्या घरावर सगळ्यांनी पाणी सोडलं
त्या घरात मी पाणी सोडलं, एवढंच.

बोलणं मात्र नाहीच. बादली भरली की ती
चमच्याने खिडकीची चौकट दोनदा वाजवते,
मी नळ बंद करतो.
बिल दुप्पट झालं.
माझ्या पत्रपेटीत चुरगळलेल्या नोटा येतात,
कधी चौदा डॉलर, कधी नऊ,
एकदा नुसताच मक्याच्या पावाचा तुकडा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अजून गरम.

सप्टेंबरपर्यंत निळ्या रेघा पाच झाल्या.
तिच्या स्वयंपाकघरातून एक नळी निघाली ऑसगुड म्हाताऱ्याकडे,
त्याच्याकडून यमनहून आलेल्या फादेलकडे.
हिरव्या, पिवळ्या, एक चक्क आगबंबाची.
ती कुठून आली हे विचारायचं नाही.

जानेवारीत सगळं गोठलं.
पोरं त्या नळ्या ओंडक्यांसारख्या खांद्यावर घेऊन
माझ्या घरात शिरली, टबमध्ये वितळवत बसली.
मी गुडघा चोळत शिव्या घालत होतो.
थोरला जेरिको म्हणाला,
आमची आजी याहून चांगल्या देते.
तुम्हालाच देते.

एप्रिलमध्ये परत तोच ट्रक, तोच पोरगा, तीच किल्ली.
या खेपेस माझ्या अंगणात. यादीत माझं नाव.
माझा नळ गेला की पाच घरं गेली.
तो गवतात उभा राहून कागद उलटत होता,
आणि मी दारात, तोंडचं पाणी पळालेलं.
तेवढ्यात तिच्या खिडकीतून आवाज आला,
तारेवर घासल्यासारखा:
"डेल्बर्ट! पाणी का थांबलं?"

नऊ वर्षांनी माझं नाव.

पोरग्याने खिडकीकडे पाहिलं, मग खाली.
बूट नळीवर होता.
त्याने पाय उचलला,
आणि पुन्हा यादीत काहीतरी शोधू लागला,
पहिल्या पानापासून, अगदी सावकाश.

"येतंय," मी म्हणालो.